मेक्शिकोचा गहू आणि सत्तारची मोट

सावेडी, अहिल्यानगर
६ जानेवारी २०२५

प्रिय जहिरा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू कपाटात टाकलंस, आणि मोबाईलवरचे मेसेज वाचायला तुला नातीची, अफ्रीनची मनधरणी करावी लागते. तेव्हा आपलं जुनंच बरं. चौथीत बाईंनी तुझं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवलं होतं, ते अजून तसंच आहे का बघू.

काम असं आहे. श्रीमंतदादाची नात निकिता एम.ए. करते आहे. तिला प्रकल्प मिळालाय, मेक्सिकोहून आपल्याकडे आलेल्या वस्तू लोकगीतांत कशा आल्या यावर. मी म्हटलं, बाई गं, आपल्या गाण्यांत कुठला आलाय मेक्सिको? तर तिनं यादीच वाचली. मिरची तिकडची, मका तिकडचा, दसऱ्याचा झेंडू तिकडचा. आपल्या बांधावरची घायपात, जिचे दोर वळून हाताला फोड यायचे, तीही तिकडचीच. मला तर घरात सगळे पाहुणेच राहतात असं वाटायला लागलं.

माझ्या आईची मिरचीची ओवी मी तिला लगेच दिली. तुला आठवत असेल:

मिरची कुटीते, डोळ्यांना येतं पानी
मिरचीच्या नावावर रडून घेती शानी

निकिताला आवडली, पण तिला मेक्सिको हे नावच असलेलं गाणं हवं होतं. आणि मला एकदम आपलं जातं आठवलं! तो बुटका गहू, आमच्या विहिरीखालच्या वावरात पहिल्यांदा पेरलेला, आणि त्याच्यावरची ओवी. 'मेक्शिकोचा गहू, न्हाई गुडघ्याच्या वर' इथपर्यंत येतं आणि पुढं गाडी अडते. बहात्तर वर्षांची झाले, डोक्यात भुसा उरलाय. पुढची ओळ लिहून पाठव. पुस्तिका निघणार आहे, तुझं नाव त्यात येईल.

दादाची तब्येत बरी आहे. मी वरच्या खोलीत असते, सगळे नीट वागवतात. रिझवानला, सुनेला आशीर्वाद.

तुझी
सवी


जामखेड
१९ जानेवारी २०२५

सवे,

तुझं पत्र अफ्रीननं आणून दिलं तर मला वाटलं लाईटचं बिल. नंतर अक्षर बघितलं. तुझं अक्षर बिघडलंय हो मास्तरीणबाई, माझं नाही बिघडलं.

आठवत नाही म्हणतेस? मला तर जात्याचा आवाजसुद्धा आठवतो, आणि आता माझ्या कानात तेवढाच राहिलाय. आमच्या घरात जातं नव्हतं, म्हणून पहाटे अम्मी मला तुमच्याकडे धाडायची. तुमचं दळण, आमचं दळण, एका खुंट्याला आपले दोघींचे हात. तेरा वर्षांच्या होतो. ग्रामसेवकानं तुझ्या वडलांना ते बियाणं दिलं आणि सगळं गाव बघायला आलं. गहू गुडघ्याएवढा, काड काही निघंना, बैलांना काय घालायचं म्हणून म्हातारे चिडलेले. मेक्शिको म्हणजे काय ते मला कुठं ठाऊक. मला वाटायचं कर्जतच्या पुढं असेल. माझा सत्तारभाई तुमच्याकडे सालानं कामाला होता, सतरा-अठराचा. त्या गव्हाला पाणी त्यानंच दिलं. मोटेचे बैल मागं सरकवताना तो गायचा, आणि ते ऐकून मी जात्यावर जोडलं:

मेक्शिकोचा गहू, न्हाई गुडघ्याच्या वर
माझ्या सत्तार भावानं मोट हाकली दिसभर

मी जोडलं की तू लगेच तुझ्या भावाला घुसवायला बघायचीस. तेव्हा तुझी आई चुलीपुढून ओरडायची, "सवे, तिचा भाऊ आदी येऊ दे गं, मग तुजा घाल." तोच जात्याचा कायदा. जिनं ओवी धरली तिचं नाव आधी दोघींनी गायचं, मग दुसरीनं आपलं. मग तू घालायचीस:

मेक्शिकोचा गहू, न्हाई गुडघ्याच्या वर
माझ्या श्रीमंत भावाला भाकर नेली बांधावर

ते पण खरंच होतं. श्रीमंतदादा बांधावरच असायचा!

निकिताला म्हणावं ओवी बिनधास्त घाल. माझं नाव नाही आलं तरी चालेल, पण सत्तारभाईचं तेवढं नीट छाप. दोन वर्षांनी तो तापानं गेला. त्याचा फोटो नाही. कबरीवर दगड नव्हता, आता ती जागाही नक्की सांगता येत नाही. रिझवान विचारतो, मामू कसा होता? मी काय दाखवू? ही एक ओवीच आहे. छापून आली की अफ्रीनच्या हातात देईन आणि सांगेन, हा बघ.

श्रीमंतदादांना सलाम सांग.

तुझी
जहिरा


सावेडी
३ मार्च २०२५

प्रिय जहिरा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे कार्यक्रमाची गडबड होती. पुस्तिका निघाली, छान निघाली. प्रकाशनाला दादाच अध्यक्ष होता. मला ओवी म्हणायला लावली, लोकांना आवडली. मेक्सिको शब्द आला की सगळे हसायचे.

प्रती फार थोड्या काढल्या होत्या, त्या तिथंच संपल्या. तुला एक ठेवायला सांगितली होती, बघू, मिळाली की पाठवते. सोबत कार्यक्रमाचा फोटो आणि अफ्रीनसाठी ड्रेसचं कापड पाठवलं आहे. रोजे सुरू झाले असतील. उन्हाचं जपून कर.

तुझी
सवी


जामखेड
८ एप्रिल २०२५

सवे,

ईद चांगली झाली. कापडाचा ड्रेस अफ्रीननं त्याच दिवशी घातला.

एक सांगायचं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. अफ्रीनच्या कॉलेजात ती पुस्तिका आली आहे. तिनं आपल्या ओवीचं पान मोबाईलवर फोटो काढून आणलं. मी चष्मा लावून तीनदा वाचलं. ओवी माझीच आहे, पण सत्तारच्या जागी श्रीमंत छापलंय. 'माझ्या श्रीमंत भावानं मोट हाकली दिसभर.' आणि खाली लिहिलंय, गायिका कै. रंगुबाई, संकलन सविता.

तुझ्या आईबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक आहे. तिच्या नावाचं मला वाईट वाटत नाही. पण छापणाऱ्यानं घोटाळा केला दिसतो. दोन ओव्या पाठोपाठ लिहिल्या होत्या ना मी, त्यानं एकीचं डोकं आणि दुसरीचं धड जोडलं असणार. असं होतं. रिझवानच्या लग्नपत्रिकेत माझं नाव जोहरा पडलं होतं.

अफ्रीन भांडखोर आहे. ती म्हणते, "दादी, प्रिंटिंगची चूक एका अक्षराची असती. ही अख्ख्या मानसाची हाय." मी तिला रागवले. म्हटलं, "सवीला तू वळखत न्हाईस. ती आसं करायची न्हाई." दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तेव्हा तू एक ओळ लिही, की ही चूक छापखान्याची आहे. मी तिला दाखवते. आणि जमलं तर पुढच्या वेळी नीट करून घे.

तुझी
जहिरा


सावेडी
१५ एप्रिल २०२५

जहिरे,

ती ओळ मला लिहिता येत नाही. चार दिवस प्रयत्न केला.

छापखान्यानं काही केलेलं नाही. अफ्रीनचं बरोबर आहे. तू तिला माझ्यासाठी रागवलीस हे वाचलं तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं. मला माझीच इतकी लाज वाटली की संध्याकाळी जेवायला खाली गेले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

काय झालं ते सांगते. तुझं पत्र आल्यावर मी ओवी निकिताला वाचून दाखवली. दादा शेजारीच पेपर वाचत बसला होता. निकितानं विचारलं, "आत्याआजी, ही कुणाची ओवी?" मी म्हणाले, आपल्या घरात जात्यावर गायची. तिनं आईचं नाव लिहून टाकलं. मी बघत होते, बोलले नाही. मग तिनं विचारलं, "आणि सत्तार कोण?"

जहिरे, मी म्हणाले, "कुणी नाही. तिथं श्रीमंत असायचं."

कुणी नाही म्हणाले मी. ज्यानं मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून शाळेत सोडलं, त्याला.

का म्हणालीस विचारशील. दादाचं घर आहे, मी त्याच्याकडे राहते, त्याला बरं वाटेल असं काहीतरी करावं असं मला सारखं वाटतं. हे एक. आणि दुसरं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. आमच्या घरच्या ओवीत सत्तार कसा आला असं कार्यक्रमात कुणीतरी विचारेल आणि मला उभं राहून उत्तर द्यावं लागेल, याची मला भीती वाटली. पस्तीस वर्षं पोरांना सगळे सारखे म्हणून शिकवलं आणि एवढ्याशा प्रश्नाला घाबरले. त्यात दादा आता येईल त्याला सांगतो, मी मोट हाकायचो. त्याला बैल शिंग दाखवायचे हे तुला आणि मला माहीत आहे.

आईनं मिरचीच्या नावावर रडून घेतलं. माझ्यापुढं मिरचीपण नाही.

माफी मागून भागणार नाही. एक मेला तुमच्या जामखेडमध्येच कार्यक्रम ठेवलाय, मला तीच ओवी म्हणायची आहे. मी सत्तारचं नाव घेऊन म्हणेन, आणि ओवी तुझी आहे हे सांगेन. निकितालाही खरं सांगेन. तू ये. अगदी पुढं बस. मी तुझ्याकडे बघून म्हणेन.

तुझी
सवी


सावेडी
४ मे २०२५

प्रिय जहिरा,

तू आलीस, फार बरं वाटलं. हिरवी साडी तुला शोभत होती. उन्हात एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं.

झालं एकदाचं. ठरवल्याप्रमाणे म्हटली ओवी. सत्तारचं नाव सगळ्या हॉलनं ऐकलं, टाळ्या तर तू पाहिल्याच. ओवी तुझी आहे हे सांगायचं तेवढं राहून गेलं, कारण निवेदकानं लगेच दुसऱ्यांना बोलावलं. निकिताची परीक्षा चालू आहे, ती झाली की तिलाही सांगते.

तू मिठी मारलीस तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता तुझ्या मनात काही राहिलं नाही ना?

तुझी
सवी


जामखेड
१२ मे २०२५

सविता,

चार वर्षं झाली मला ऐकू येत नाही. एवढ्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले, ती तुला सांगायची राहिली. मी तोंडं वाचते. सून भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून पुटपुटते, ते मला कळतं. दुकानदार मला बहिरी म्हणतो, तेही कळतं. आपल्या माणसाचं तोंड तर फारच लवकर कळतं.

माझी ओवी मी रोज आरशापुढं म्हणून बघते, कारण आवाज येत नाही, निदान दिसते तरी. 'माझ्या' म्हणताना ओठ मिटतात. 'सत्तार' म्हणताना मिटतच नाहीत, तोंड उघडं राहतं. मग 'भावानं' म्हणताना मिटतात. तिथपर्यंत एकूण दोनदा. तूही म्हणून बघ आरशात.

त्या दिवशी मी पुढच्या रांगेत होते. तू माझ्याकडे बघून सुरुवात केलीस. 'माझ्या' म्हणालीस आणि तुझी नजर स्टेजवरच्या खुर्चीकडे गेली, जिथं श्रीमंतदादा हार घालून बसले होते. 'भावानं'पर्यंत तुझे ओठ तीनदा मिटले.

अफ्रीन शेजारी होती. तिनं माझा हात धरला. मी तिला खुणेनं सांगितलं, गप्प बस. सगळे टाळ्या वाजवत होते, मी पण वाजवल्या. खाली आल्यावर तू पुढं झालीस, मी मिठी मारली. मला वाटलं, घाबरली बिचारी, आता पत्रात लिहील की जमलं नाही मला. तेवढं लिहिलं असतंस तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे.

तुझं पत्र आलं. त्यात लिहिलंस की सगळ्या हॉलनं ऐकलं.

पुस्तिकेत छापलंस तेव्हा वाईट वाटलं, राग नाही आला. जात्यावर नावं बदलतातच. पण मला ऐकू येत नाही म्हणून तुझं निभावलं असं तुला वाटलं, हे मला सहन होत नाही. साठ वर्षांची मैत्री, आणि तू माझ्या बहिरेपणाच्या आड लपलीस.

ड्रेसचं कापड शिवून झालंय, नाहीतर परत पाठवलं असतं. पत्र लिहायची गरज नाही.

जहिरा


सावेडी
२२ मे २०२५

जहिरे,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. न वाचता ठेवलंस तरी चालेल.

मी आरशापुढं उभी राहिले. सत्तारला दोनदा, आणि श्रीमंतला तीनदा. तू म्हणतेस तसंच आहे. स्वतःचं तोंड बघवेना.

सबब सांगत नाही. दादाकडे बघितलं आणि जीभ फिरली, हे खरं. घरी येऊन तुला खोटं लिहिलं ते मात्र जीभ फिरून नाही. टेबलाशी बसून, शांतपणे, चष्मा पुसून लिहिलं. तुला कळणार नाही असं मला वाटलं होतं. ते तू ओळखलंस. त्याहून वाईट गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

परवा दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी निकिताला सांगितलं. ओवी कुणाची, मोट कुणी हाकली, सत्तार कोण, मी 'कुणी नाही' का म्हणाले, सगळं. दादा समोर होता. माझा घास हातातच होता. मला वाटलं आता तो ताट सारून उठेल, मला वरची खोली सोडावी लागेल. दादानं भात कालवला. मग म्हणाला, "मोट सत्तारच हाकायचा की. मला बैल जवळ येऊ द्येत न्हवते. तू गायलीस, लोकांनी टाळ्या दिल्या, मग मीबी तेच सांगत सुटलो. मला वाटलं तूच इसरलीस."

एवढंच. ज्याच्या भीतीनं मी हे सगळं केलं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी उगीचच घाबरले आणि तुला गमावून बसले. दादालाही लाज वाटली असावी, तो ताटावरून लवकर उठला. निकिता माझ्याशी बोलत नाही. "मी तुमच्या शब्दावर छापलं, आत्याआजी," एवढं म्हणाली. पण कॉलेजांत वाटलेल्या प्रती परत मागवून ती प्रत्येकीत चिठ्ठी चिकटवते आहे. चिठ्ठीत दोन्ही ओव्या आहेत, आधी तुझी आणि मग माझी, भाकर बांधावर नेल्याची. रचना जहिरा, जामखेड, असं तिनं लिहिलंय. त्याखाली एक ओळ आहे: सत्तार, कवयित्रीचा भाऊ, यानं १९६६ साली या गव्हाला पाणी दिलं. तुमच्या कॉलेजातली प्रत मी स्वतः घेऊन येणार आहे, अफ्रीनच्या हातात द्यायला.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी ओट्यावर बसेन. उघडलंस तर तुझ्यासमोर बसून ती ओवी म्हणेन. आवाज काढणार नाही. ओठ कितीदा मिटतात ते तू मोज.

सवी